चूलबंद आवतण

केशवरावाला निवांत मांडी घालून बसलेला पाहिला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस तलमडुगू मंडलातल्या त्या लहानशा गावात शोधून सापडायचा नाही. किराणा दुकान त्याचं, पाटी त्याच्या नावाची, पण गल्ल्यावर बसणार त्याची बायको प्रयागबाई. हा आपला सदा रस्त्यावर. न्हाव्यापुढे बसला आणि समोरून कोणी ओळखीचं चाललं की तोंडाला फेस तसाच ठेवून उठायचा, त्याच्या म्हशीची चौकशी करून यायचा आणि मग उरलेली दाढी.

स्वतःच्या लग्नात तर त्यानं कहरच केला होता. पंगत बसली, नवरानवरीपुढे ताटं आली, आणि वरण वाढणारा कुठे अडकला कोण जाणे. नवरदेवानं थोडी वाट पाहिली, मुंडावळ्या कानामागे सारल्या, उठला, बादली धरली आणि सगळ्या वऱ्हाडाला वरण वाढून आला. नवरी एकटीच ताटापुढे मान खाली घालून. प्रयागबाईच्या मावशीनं तिच्या आईला हळूच विचारलं, "पोराले कोणी सांगितलं नाई का, लगन त्याचंच हाय मनून?"

अशा पायात भिंगरी असलेल्या माणसाला गावानं एक काम आपोआप देऊन टाकलं होतं. आवतणाचं. कोणाकडे बारसं असो, तेरवी असो, भंडारा असो, घरोघर जाऊन जेवणाचं सांगायचं ते केशवरावानं. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक 'घरटी एक', म्हणजे घरातून एका माणसानं यायचं. दुसरं 'चूलबंद', म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळ्यांनी यायचं, घरी पाहुणा असेल तर त्यालाही आणायचं आणि त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. चूलबंद आवतण असताना ज्याच्या घरातून धूर निघाला, त्यानं तोंडानं काही न बोलता सगळ्या गावाला सांगितलं की तुमच्या अन्नाशी माझा संबंध नाही. आता घरोघर गॅस आल्यामुळे धूर कोणाचाच दिसत नाही, आणि त्यामुळे कितीतरी भांडणं झाकली राहिली, असं केशवराव स्वतःच हसत सांगायचा.

त्याचा धाकटा भाऊ बाबाराव अगदी उलट. नाल्याकाठी त्याची वाडी. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी. सकाळी एकदा वाडीत शिरला की वाफ्याशी बसलेला माणूस दिवस मावळेपर्यंत तिथेच. बोलणं कमी. त्याच्या वाडीला लागून चुलतभाऊ देवानंदाची वाडी, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला चंपतरावाचं शेत. या चंपतरावानं काही वर्षांमागे बांध घालून नाल्याचं तोंड वळवलं होतं. त्या पावसाळ्यात पाणी बाबारावाच्या वाडीत घुसलं आणि दावणीला बांधलेला त्याचा बैल, ढवळ्या, जागच्या जागी बुडून मेला. पंचायत बसली, चंपतरावानं बांध काढला, गावानं मिटलं म्हटलं. बाबारावही काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून चंपतराव रस्त्यानं येताना दिसला की तो रस्ता बदलायचा.

आणि यंदा पोळ्याच्या सुमारास तो पाऊस आला. नाला असा काही फुगला की वाड्या, बांध, मोटरी, पाईप, शेतातली पत्र्याची छपरं, सगळं घेऊन गेला. तहसीलचे लोक आले, पंचनामा करून गेले. बाबारावाच्या वाडीत नुसता गाळ राहिला आणि गाळात कुठूनतरी वाहत आलेली एक खुर्ची. केशवरावाचं दुकान मात्र उंचावर. त्याच्या साखरेच्या पोत्याला ओलसुद्धा आली नाही.

केशवरावाचा मुलगा अमरदीप भैंशाला जिनिंगमध्ये कामाला, तिकडे चांगला जम बसलेला. तो ट्रक भरूनच आला. पत्रे, पाईप, नव्या मोटरी, बियाणं. केशवरावाला तर काय करू नि काय नको असं झालं. जन्मभर दुसऱ्यांची आवतणं दिली, आता स्वतःचं द्यायचं होतं. त्यानं ठरवलं, इतवारी आपल्या अंगणात सगळ्या बुडालेल्या घरांनी यायचं. चूलबंद. जेवायचं, आणि जेवण झालं की एकेकानं सांगायचं, घरात काय शिल्लक आहे, काय वाहून गेलं, पुढे काय लावायचा विचार आहे. सगळ्यांची मिळून एकच आखणी करायची. मग सामान वाटायचं. आणि भाजी निघाली की अमरदीपची गाडी येऊन भैंशाच्या बाजारात नेणार. कोणाला हिंडायला नको.

एवढं ठरवून तो थांबला असता तर तो केशवराव कसला? त्याच्या डोक्यात आलं, जमिनी सपाट केल्याशिवाय लावणी होणार नाही, आणि गावात ट्रॅक्टर एकच, चंपतरावाचा, आणि त्या ट्रॅक्टरवर शेड पडलेली. म्हणून इतवारची वाट न पाहता त्यानं पहिले पत्रे चंपतरावाकडे पाठवले.

आवतण द्यायला तो घरोघर फिरला. देवानंद तर हे ऐकून नाचायचाच बाकी राहिला.

"येतो ना, दादा! लेकराइले घेऊन येतो. मोटर मले पयले द्या मात्र."

बाबाराव वाडीतल्या गाळात बसलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पाहू," म्हणाला.

"पाहू काय? चूलबंद हाय."

"ऐकलं."

इतवारी सकाळी केशवरावाच्या अंगणात चुलाण पेटलं, आचारी आले. आणि तेवढ्यात देवानंद आला, मान खाली घालून.

"दादा, आमचं नाई जमत."

"काऊन? काल तर हो मनला!"

"काल मनलो. पण सांजच्यानं बाबादादानं चहाले बोलावलं होतं."

"मंग? चहात काय घातलं त्यानं?"

"काई नाई घातलं. नुसतं इचारलं, का तुहं पाणी कोणाच्या वाडीतून येते." देवानंदाच्या वाडीला पाण्याचा पाट बाबारावाच्या वाडीतून जात होता. आणखी काही सांगायची गरज नव्हती. "दादा, मले दोन्हीकून राहाचं हाय. मी काय करू?" असं म्हणून तो गेला.

पंगत बसायची वेळ झाली. केशवराव अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून अंगणात अशा येरझारा घालत होता. तेवढ्यात नाल्याकडच्या गल्लीतून धूर उठला. साधा धूर नव्हे. बाबारावाच्या घरी गॅस होता, पण त्यानं मुद्दाम अंगणात तीन धोंडे मांडले होते आणि पुरात भिजलेली मागच्या सालची कपाशीची पऱ्हाटी त्यात कोंबली होती. ओली पऱ्हाटी काय धूर करते ते ज्यानं फुंकली त्यालाच ठाऊक. काळापांढरा लोट थेट मारुतीच्या देवळावर गेला. थोड्या वेळानं त्याच्या शेजारून दुसरा धूर निघाला. बारका, लाजल्यासारखा. तो देवानंदाचा.

पंगतीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. चंपतराव पहिल्या रांगेत बसला होता. तो म्हणाला, "केशवराव, तुमच्या भावाले थंडी वाजून राह्यली काय?" दोघंतिघं हसले. केशवरावाच्या हातातली वरणाची बादली पहिल्यांदाच कोणाच्या तरी पानावर सांडली.

त्यानंतर त्याला घर खायला उठलं. ट्रकातलं उरलेलं सामान ताडपत्रीखाली अंगणात पडून, त्यात बाबारावाच्या नावानं आणलेली मोटर. तो सकाळी ताडपत्री उचलून पाहायचा, दुपारी उचलून पाहायचा. प्रयागबाई म्हणाली, "अवो, मोटर अंडी घालत नसते." तो दुकानात जायचा, परत यायचा. तेच एक डोक्यात. आपल्या रक्ताचा भाऊ. वाडीत गाळ. आणून ठेवलेली रोपं वाफ्याविना सुकून चाललेली. आणि आपण हातात आणून देतो तर घेत नाही? जेवायलासुद्धा येत नाही?

नात तेजस्विनी सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करायला आदिलाबादेत राहायची. पुरामुळे ती घरी आली होती, ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची. दोन दिवस तिनं आजोबाच्या घिरट्या सहन केल्या.

"आबा, तुमी बसता का जरा? तुमच्या पायाच्या आवाजानं मले एक ओळ समजून नाई राह्यली."

"काय वाचून राह्यली एवढं?"

"दुसऱ्या महायुद्धानंतरचं. अमेरिकेनं साऱ्या युरोपाले मदत देऊ केली होती. रशियानं अन त्याच्या बाजूच्या कम्युनिस्ट देशाईनं ते घेतली नाई. काऊन घेतली नाई, त्याची कारणं द्या, असा प्रश्न येते."

केशवराव जागच्या जागी थांबला. "घेतली नाई? घरं पडली नव्हती का त्याईची?"

"पडली कशी नाई? रशियाची तर दोन कोटीच्या वर माणसं गेली युद्धात. गावंच्या गावं जळाली."

"अन देणाऱ्याचं घर?"

"अमेरिकेच्या घराले झळ नाई लागली. कारखाने भरभरून चालू. तेवढा माल घेणारंही कोणी पाहिजेच होतं ना."

"उंचावर होती मनजे," केशवराव म्हणाला. "आवतण कसं होतं? घरटी एक का चूलबंद?"

तेजस्विनीला हसू आलं. "चूलबंदच समजा. रशियालेही होतं, पोलंडले, चेकोस्लोव्हाकियाले, सगळ्याइले. पण असंही लिहून हाय, का देणाऱ्याइतल्या काई जणाईले मनातून वाटत होतं, रशिया नाई आला तर बरं."

"म्या तसं कवाच नाई मनलं!"

"तुमाले कोण मनते, आबा?"

"हो, हो. पुढं सांग. गेला का रशिया?"

"गेला ना. त्याचा मंत्री पॅरिसले गेला, शंभरेक माणसं घेऊन."

"मंग तो जेवाच्याच इचारानं गेला! शंभर माणसं घेऊन कोणी नुसतं नाई मनाले जाते काय?"

"काई दिवस बसला अन उठून गेला."

"ताटावरून?"

"ताटावरून."

केशवराव ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. "काऊन, ते सांग."

तेजस्विनीनं पुस्तक मिटलं. "अट होती. सगळ्या देशाईनं मिळून एक आराखडा कराचा. कोणाच्या घरात काय हाय, काय नाई, सगळं मांडाचं. रशिया मने, माह्या घरातलं मी साऱ्याइपुढं कायले मांडू? ज्याले जे लागते ते तो मागन, तुमी द्याचं तर द्या."

"असं कसं? घरातलं सांगितल्याबिगर कळन कसं, कोणाले काय द्याचं?"

"अमेरिका हेच मने. अन रशियाले दिसून राह्यलं होतं, का आज मदत घेतली, उद्या काय पिकवाचं, माल कोणाले विकाचा, तेही तिकूनच ठरन. आजूबाजूचे लहान देश हळूहळू आपल्या हातून जातीन. चेकोस्लोव्हाकियानं तर पयले हो मनलं होतं. मंग त्याईच्या पुढाऱ्याइले मॉस्कोले बोलावणं आलं. जाताना हो मनत गेले, येताना नाई मनत आले."

"देवानंद!" केशवराव ओरडला. "चहाले बोलावलं असन!"

"पाजलाही असन चहा. तर मंग रशियानं पुढं आपल्या गल्लीसाठी आपलीच येगळी पंगत बसवली."

"त्यात वरण पातळ असन."

"तसंच काईसं लिहून हाय," तेजस्विनी म्हणाली. "पण आबा, मले पटते ते कारण येगळंच. जर्मनीचं. ज्या जर्मनीनं रशियात घुसून एवढी माणसं मारली, तिलेच पुन्हा उभी केल्याबिगर युरोप उभा होत नाई, असा अमेरिकेचा हिशोब. तिच्या खाणी, तिचे कारखाने, सगळ्याइले लागत होते. हिशोब बरोबरच होता. पण ज्याचं मेलं, त्याले काय वाटत असन? का ह्यानं माह्या घरावरचं छप्पर घालाच्या पयले त्याचं घातलं."

तेजस्विनीला वाटलं, आता केशवराव पुढचं विचारेल. पण तो वळला आणि पायात चप्पल न घालताच नाल्याच्या रस्त्याला लागला. प्रयागबाईनं दुकानातून हाक मारली, "अवो, पायात काटे घुसतीन!" त्याला ऐकू गेलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे चंपतरावाच्या शेडवरचे नवे कोरे पत्रे होते. बाबारावाच्या वाडीतून ते सरळ समोर दिसतात. उन्हात तर असे चमकतात की मान वर केली की डोळ्यांतच येतात. हे त्याच्या आतापर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

बाबाराव गाळातून वाफे काढत होता. देवानंद पाट मोकळा करत होता.

"ये दादा, बस," बाबाराव म्हणाला.

"बसाले नाई आलो."

"मले माईत हाय. तू कुठं बसतं?"

"जेवाले काऊन नाई आला?"

"चूल पेटली होती. धूर नाई दिसला?"

"साऱ्या गावाले दिसला. पंगतीत लोकाईचे डोळे चुरचुरले."

"माहे आधी चुरचुरले," बाबाराव म्हणाला. "आजून पाणी येते. लई वंगाळ पऱ्हाटी."

देवानंद हसला आणि दोघांकडे पाहून लगेच गप्प झाला.

केशवरावानं चंपतरावाच्या पत्र्यांकडे बोट केलं. "त्यासाठी नाई आला?"

बाबारावानं तिकडे पाहिलंही नाही. मातीचं ढेकूळ हातानं फोडत राहिला. मग म्हणाला, "ढवळ्या गेला त्या दिशी तू आला होता, दादा. गुडघाभर पाण्यात उभा राह्यला होता माह्यासंगं. त्याचं दावं तूच कापलं. रडला होता."

"त्याचा ट्रॅक्टर चालला तर सगळ्याइची जमीन सपाट होते, मनून म्या—"

"हिशोब बरोबर हाय तुहा. म्या खोटा कुठं मनलो?"

केशवरावाला वाटलं, यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. तो वाफ्याच्या कडेनं इकडून तिकडे गेला, परत आला. "काढून आणू का पत्रे? आताच जातो. सांगतो त्याले, का चुकून दिले."

"नको. त्याच्याही घरात लेकरं हायत. पाऊस त्याईच्याही डोस्क्यावर पडते."

"मंग तुही मोटर घे. तुह्या नावाची हाय. आखणीत नको येऊ. काई सांगू नको, काई दाखवू नको. भाजी तुले वाटन तिथं इक. नुसती घे."

"नको."

"नुसती, बाबा!"

"तू नुसती देशीन. पण उद्या अमरदीप गाडी घेऊन माह्या बांधावर उभा राहीन अन मनन, का काका, यंदा वांगी नको, टमाटे लावा. मले नाई मनता येणार नाई. मोटर बोलते ना, दादा, तिच्या आवाजात तुमचाच आवाज येते." बाबाराव एवढं सलग बोलला नव्हता कधी. त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्यानं पुन्हा ढेकूळ उचललं.

पाटाशी उभा असलेला देवानंद खाकरला. "मंग... म्या घेऊ का मोटर?"

दोघं भाऊ त्याच्याकडे पाहायला लागले.

"बाबा," केशवराव म्हणाला, "तुले नको तर नको. पण याच्या घरातून तू काऊन धूर काढला?"

देवानंदाची कुदळ हवेत तशीच. बाबाराव देवानंदाकडे वळून म्हणाला, "मले काऊन इचारतं बे? तुह्या वाफ्याले पाणी लागते का माह्या? घे. पाट जसा हाय तसाच राहीन."

देवानंदानं कुदळ तिथेच टाकली आणि बाबारावाचं मन बदलण्याआधी गावाकडे पळत सुटला.

केशवराव मात्र तसाच उभा. देणारा माणूस आणि द्यायला काही नाही, याहून वाईट अवस्था त्याच्यासाठी दुसरी नव्हती. पत्रे नकोत, मोटर नको, बियाणं नको, जेवण नको. त्यानं दोन्ही खिसे चाचपले. एका खिशात तंबाखूची डबी, एका खिशात दुकानाची किल्ली. त्याचे हात काहीतरी धरायला शोधत होते.

"तुले काईतरी देल्याबिगर चैनच नाई पडत," बाबाराव म्हणाला, आणि त्यानं आपल्या बाजूला पडलेलं फावडं उचलून भावापुढे धरलं. "मंग हे धर. दिवस बुडाच्या आत वांग्याचे वाफे पडले पाहिजेत. रोपं सुकून राह्यली."

केशवरावानं फावडं घेतलं. दुकान काढल्यापासून त्यानं मातीत हात घातला नव्हता. पहिला घाव पायाजवळच बसला, दुसरा गाळात रुतला. तरी तो थांबला नाही. धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि माती ओढायला लागला. थोड्याच वेळात त्याला घाम फुटला, तळहाताला फोड आला, आणि आतापर्यंत ओसरीवरून अंगणात धावणारे त्याचे पाय एकाच रेषेत, एकाच भावाच्या पुढे-मागे सरकायला लागले. रेष म्हणायची एवढंच. ती नाल्याकडे वळत चालली होती.

अर्ध्या वाफ्यावर तो ताठ झाला, कमरेवर हात ठेवला.

"येत्या इतवारी येतं का जेवाले?" त्यानं विचारलं. "चंपतराव नसन. कोणीच नसन. तू, मी, अन घरचे."

बाबारावानं मान वर केली. त्यानं भावाकडे पाहिलं, मग भावानं ओढलेल्या मातीकडे पाहिलं.

"हा वाफा हाय का साप?" तो म्हणाला. "सरळ पाड पयले. मंग सांगतो."